रोटरी इंजिनातील कूलंट सील (गृहनिर्मित विमानांसाठी निवड)

वांकेल पद्धतीच्या रोटरी इंजिनात रोटर हाउसिंग (फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरभोवतीचे कवच) आणि त्याला लागून बसणारी बाजूची हाउसिंगे यांच्या सांध्यातील लवचिक कडी म्हणजे कूलंट सील. इंजिन थंड ठेवणारे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण (कूलंट) ज्वलनकक्षात शिरू नये आणि बाहेरही गळू नये, हे तिचे काम. मोटारीत या कडीचा पदार्थ कारखाना ठरवतो. घरी बांधलेल्या विमानात मात्र तो बांधणारा स्वतः ठरवतो आणि बहुधा तोच ते विमान उडवतो. म्हणून इंजिनाच्या एकूण खर्चात क्षुल्लक असलेल्या या भागाची निवड बारकाईने करावी लागते.

पहिल्या महायुद्धातील विमानांच्या ‘रोटरी’ इंजिनांशी या विषयाचा संबंध नाही. त्या इंजिनांत सिलिंडरांसकट सगळा सांगाडा पंख्याबरोबर फिरत असे आणि ते हवेनेच थंड होत. येथे अभिप्रेत असलेले इंजिन फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर जर्मनीतील एनएसयू कंपनीत उभे राहिले. तेथे त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. जपानच्या माझ्दाने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून ते मोटारींत रुजवले. विमानबांधणीतील हौशी मंडळी मुख्यतः माझ्दाचे १३बी वापरतात. प्रत्येकी ६५४ घ.सेंमी.चे दोन रोटर असलेले हे इंजिन आरएक्स-७ मोटारीतून आणि पुढे बदललेल्या रूपात आरएक्स-८ मधून जगभर पोहोचले. विमानात त्यातून साधारण १६० ते २०० अश्वशक्ती घेतात. त्याचा मुख्य दंड (शाफ्ट) मिनिटाला ६,००० च्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे पंख्यासाठी वेग उतरवणारी गिअरपेटी लागते. झडपा नाहीत, हिसके कमी आणि रोटरच्या टोकाचे सील तुटले तरी इंजिन बहुधा जागच्या जागी न अडकता कमी जोराने चालत राहते, या गुणांवर लोक भाळतात. ही परंपरा प्रामुख्याने अमेरिकेतील आहे. तेथे निम्म्याहून अधिक बांधकाम स्वतःच्या हौसेसाठी वा शिक्षणासाठी केले असेल, तर विमान ‘एक्सपेरिमेंटल’ प्रवर्गात नोंदवता येते. अशा विमानाचे इंजिन प्रमाणित असण्याची सक्ती नसते.

रचना : १३बी हे पाच तुकड्यांची चवड आहे. पुढचे, मधले आणि मागचे अशी तीन बिडाची हाउसिंगे आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन रोटर हाउसिंगे. लांब बोल्ट या चवडीच्या आरपार जाऊन तिला आवळून धरतात. कूलंटचे मार्गही याच तुकड्यांतून आडवे जातात, म्हणजे प्रत्येक सांधा हा पाण्याचाही सांधा असतो. चार सांध्यांवर प्रत्येकी दोन कड्या बसतात. आतली ज्वलनकक्ष आणि पाणी यांच्यामध्ये असते, बाहेरची पाणी आणि मोकळी हवा यांच्यामध्ये. एकूण आठ. बाहेरची गळली तर डबके दिसते. आतली गळली तर वायू पाण्यात घुसतो किंवा पाणी कक्षात उतरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. निवडीचा जवळपास सगळा विचार आतल्या कडीपाशी येऊन ठेपतो.

कड्यांची खोबण सुरुवातीच्या इंजिनांत रोटर हाउसिंगमध्ये होती. १९८६ पासूनच्या १३बी मध्ये ती बाजूच्या बिडाच्या हाउसिंगमध्ये गेली. एका पिढीचा संच दुसऱ्या पिढीत बसत नाही. अनेक विमानबांधणीकार तीन-चार जुन्या इंजिनांचे भाग जमवून एक इंजिन उभे करतात, तेव्हा संच मागवण्याआधी खोबण कोणत्या तुकड्यात आहे हे प्रत्यक्ष पाहावे.

ताप कुठे पडतो : पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड मिश्रणही येते आणि जाळही होतो, त्यामुळे भिंतीला आलटून पालटून दोन्ही मिळतात. रोटरी इंजिनात तसे घडत नाही. हवा आत घेण्याची जागा कायम एका बाजूला, स्पार्क प्लगांची आणि जाळाची कायम दुसऱ्या बाजूला. म्हणून एकाच कडीचा काही भाग कोमट राहतो आणि प्लगांजवळचा भाग सतत भाजतो. पाण्याच्या तापमापकावर ९० °से. दिसत असताना त्या जागेची धातू त्याहून बरीच तापलेली असते. प्रवाह मंदावला तर तेथे वाफेचे बुडबुडेही धरतात. पदार्थ निवडताना मापकावरचा आकडा न धरता ही जागा डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट धातूंची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापमान ८० अंशांनी वाढले, तर २०० मिमी. लांबीत ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे ०.२ मिमी. अधिक वाढते. म्हणजे इंजिन तापताना आणि निवताना दोन्ही पृष्ठभाग कडीला चिमटीत धरून एकमेकांवर किंचित घासत राहतात. मोटार रस्त्यावर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या लहानशा भागावर चालते. विमान मात्र पूर्ण जोराने जमीन सोडते, मग तासन्‌तास ६५ ते ७५ टक्क्यांवर राहते आणि उतरताना थंड हवेत एकदम जोर कमी करते. मोटारीत दीर्घकाळ टिकलेला सील विमानात तसाच टिकेल, हे गृहीत धरता येत नाही.

उंचीचाही भाग आहे. रेडिएटरच्या झाकणाचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजला जातो. समुद्रसपाटीला ०.९ बारचे झाकण आत एकूण सुमारे १.९ बार दाब धरते. १०,००० फुटांवर हवेचाच दाब ०.७ बारच्या आसपास उतरलेला असतो, त्यामुळे आत १.६ बार उरतो आणि उत्कलनबिंदू ५ °से. च्या सुमारास खाली येतो. उंचीवर वाफ लवकर धरते, आणि वाफ सर्वच रबरांना सारखी मानवत नाही.

पदार्थ : ईपीडीएम हे रबर गरम पाणी, ग्लायकॉल आणि वाफ यांत उत्तम टिकते. थंडीत लवचिक राहते आणि साधारण १५० °से. पर्यंत चालते. पण खनिज तेल आणि पेट्रोल लागले की ते फुगते. बाहेरच्या कडीसाठी ते चांगले. आतल्या कडीला जळालेले वायू, तेलाचा थर आणि अर्धवट जळालेले इंधन यांचा संसर्ग होऊ शकतो, तेथे ते बेताचे ठरते.

सिलिकोन उणे ५०-६० पासून २०० °से. पर्यंतची कोरडी उष्णता सहज सोसते आणि खडबडीत पृष्ठभागावरही नीट बसते. मात्र ते सहज फाटते. पेट्रोलमध्ये फुगते. दाबाखालच्या तप्त वाफेत दीर्घकाळ राहिले तर खराब होते.

व्हायटॉन, म्हणजे फ्लोरोकार्बन रबर, तेल, इंधन आणि २०० °से. चा ताप झेलते, म्हणून हौशी वर्तुळात त्याला ‘सर्वांत भारी’ समजतात. हा समज धोक्याचा आहे. त्याचे नेहमीचे प्रकार गरम पाणी व वाफ यांत आणि अमाइन (नायट्रोजनयुक्त रसायने) असलेल्या गंजरोधकांत कमजोर पडतात. शिवाय उणे १५-२० °से. च्या खाली ते ताठरते. अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिनसारख्या थंड ठिकाणी हिवाळ्यात उघड्या हँगरमध्ये उभ्या विमानात ते सकाळी आवळ धरेलच असे नाही. ते वापरायचेच तर गरम पाण्यासाठी बनवलेला, पेरॉक्साइडने व्हल्कनीकृत केलेला (रसायनाने पक्का केलेला) प्रकार मागावा. दुकानात नुसते ‘व्हायटॉन’ म्हणून मिळते ते बहुधा तसे नसते.

टेफ्लॉनवर्गीय एफईपीचे अखंड कवच आणि आत सिलिकोनचा वा व्हायटॉनचा गाभा, अशा कड्या रोटरी इंजिने बांधणाऱ्या अमेरिकी मंडळींत बऱ्याच प्रचलित आहेत. कवचावर कूलंट, तेल, इंधन यांपैकी कशाचाच परिणाम होत नाही. त्यामुळे आतल्या कडीचा मुख्य पेच, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला तेल-इंधन, सुटतो. किंमत मोजावी लागते ती लवचिकतेत. कवच कठीण असल्याने ते ओरखड्यांत वा गंजाच्या खड्ड्यांत शिरत नाही. तीव्र वळणावर दुमडले तर त्याला कायमची घडी पडते आणि गळती तेथूनच सुरू होते. गुळगुळीत, निर्दोष खोबण असेल तरच या कडीला अर्थ आहे. झिजलेल्या हाउसिंगवर ती बसवणे हे साध्या रबरापेक्षाही वाईट.

खोबणीचे गणित : ३ मिमी. जाडीची गोल कडी २.३५ मिमी. खोल आणि ३.६ मिमी. रुंद खोबणीत बसवली असे समजा. कडी सुमारे २२ टक्के दाबली जाते, जे स्थिर सांध्यासाठी योग्य आहे, आणि खोबणीचा ८४ टक्के भाग व्यापते. रबर दाबाने आकसत नाही, फक्त आकार बदलते. शंभर अंशांच्या वाढीत त्याचे आकारमान पाच-सहा टक्के वाढते आणि भरणा ८९ टक्क्यांवर जातो. त्यात तेलाने रबर १५ टक्के फुगले, तर खोबण भरून ओसंडते. जादा रबर दोन धातूंच्या कडांत चेपून कापले जाते. उघडलेल्या इंजिनात कडीला धारदार पाती फुटलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते. म्हणून ‘थोडी जाड कडी घातली की घट्ट बसेल’ हा विचार सोडून द्यावा. व्हर्नियरने (सूक्ष्म माप घेणाऱ्या पट्टीने) खोबण चार ठिकाणी मोजावी आणि मगच जाडी ठरवावी.

बाजारातील लांब दोरी कापून, टोके चिकटवून कडी करायची असेल, तर जोड प्लगांच्या बाजूला येऊ देऊ नये. आतल्या कडीसाठी जोडाची कडी न वापरणे हेच बरे.

बसवताना कडी खोबणीत धरून ठेवायला काहीतरी चिकट लावावे लागते आणि येथे चांगली कडी हकनाक वाया जाते. ईपीडीएमला व्हॅसलीन वा खनिज ग्रीस लावू नये, त्याला सिलिकोन ग्रीस चालते. सिलिकोनच्या कडीला सिलिकोन ग्रीस लावू नये, कारण सजातीय द्रवात तीच फुगते. पैसे वाचवायला जुनी कडी पुन्हा घालण्याचा तर विचारही नको. एकदा तापून चपटलेले रबर पुन्हा मूळ जाडीवर येत नाही.

कूलंट आणि गंज : सील ‘गेला’ असे म्हणतात तेव्हा अनेकदा कडी शाबूत असते आणि बिडाची भिंत गेलेली असते. १९८६ नंतरच्या हाउसिंगमध्ये आतली खोबण आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधील भिंत पातळ आहे. कूलंटमधील गंजरोधक संपले की द्रव आम्ल होतो. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच द्रवात असल्याने गंजाला वेगच येतो आणि ही भिंत खाल्ली जाते वा तडकते. मग कोणत्याही पदार्थाची कडी तेथे टिकत नाही. असे हाउसिंग विमानासाठी बाद समजावे. कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यातच मिसळावा आणि ठरल्या मुदतीला बदलावा. सील आणि कूलंट यांची निवड एकत्रच करावी लागते : अमाइनयुक्त कूलंट व्हायटॉनला बाधतो, तर २-एथिल हेक्झानॉइक आम्ल असलेल्या काही कूलंटांत सिलिकोनची काही संयुगे मऊ पडतात.

या सगळ्यातून निघणारा सल्ला साधा आहे. पहिलेच इंजिन बांधणाऱ्याने कारखान्याचा संच, निर्दोष हाउसिंग आणि कारखान्याने सुचवलेल्या जातीचा कूलंट वापरावा. त्या रबराचा अनुभव लाखो मोटारींचा आहे. एफईपीकडे वळायचे ते खोबणीची खात्री पटल्यावर, आणि जमिनीवर पूर्ण जोराने पुरेसे तास चालवून, निववून, पुन्हा तापवून पाहिल्यानंतरच.

बिघाडाची ओळख : आतला सील जाऊ लागला की सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. एक रोटर उशिरा पेट घेतो. ओव्हरफ्लोच्या बाटलीत (रेडिएटरमधून उतू आलेला कूलंट जिथे जमतो) इंजिन चालू असताना बुडबुडे येत राहतात आणि पाणी हळूहळू बाहेर फेकले जाते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पातळी वारंवार घटलेली दिसली आणि गळती सापडली नाही, तर विमान उभे ठेवावे. पंपाने पाण्याच्या मार्गात दाब भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी प्लग काढून पाहिले, तर ओला प्लग दोषी रोटर दाखवतो.

हवेत असताना नुसत्या तापमापकावर विसंबणे घातक ठरू शकते. पाणी निघून गेले की तापमापकाचे टोक हवेत वा वाफेत उघडे पडते आणि इंजिन भाजत असतानाही आकडा खाली येतो. म्हणून रोटरीच्या विमानांत कूलंटचा दाब दाखवणारा वेगळा मापक आणि त्याला जोडलेला इशारादिवा बसवावा. तापमान चढण्याच्या आधी दाब घसरतो आणि वैमानिकाला जागा शोधून उतरायला काही मिनिटे अधिक मिळतात.