बॅटरी साठवण प्रकल्पासाठी जमीन पाहताना

वीज साठवणाऱ्या प्रकल्पाला जागा किती लागते, याचा हिशेब करून पाहू. १०० मेगावॉट वीज सलग ४ तास द्यायची तर ४०० मेगावॉट-तासांची साठवण हवी. हल्लीच्या वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ५ मेगावॉट-तास मावतात, म्हणजे ८० कंटेनर झाले. ते खेटून उभे केले तर एक एकराचा तिसरा हिस्साही भरत नाही. तरीही प्रत्यक्षात काही एकर लागतात. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, क्रेनचा रस्ता, पाण्याची टाकी आणि कंटेनरांमधली मोकळी जागा त्यात धरावी लागते. शिवाय सेलची क्षमता वर्षागणिक घटते, ती भरून काढणाऱ्या नव्या कंटेनरांसाठीही कोपरा राखावा लागतो.

एवढी जमीन सहसा मिळते. अडतं ते सबस्टेशनपाशी, म्हणून पहिली चौकशी तिथेच करावी. सौर प्रकल्पाला वीज फक्त सोडायची असते. बॅटरीला ती ओढायचीही असते, आणि आत-बाहेर होताना काही वाया जात असल्यामुळे सोडते त्याहून जास्तच ओढावी लागते. सोडायला वाव असलेल्या सबस्टेशनवर चार्जिंगच्या वेळी आधीच पूर्ण भार असू शकतो. त्यामुळे दोन्ही दिशांची क्षमता वेगवेगळी विचारून घ्यावी. नकाशावरचं सरळ अंतरही फसवं असतं. लाइन किती मालकांच्या जमिनींतून जाणार, हे त्यावरून कळत नाही.

मग माती. भरलेल्या कंटेनरचं वजन ४० टनांच्या आसपास असतं. फुगणाऱ्या चिकणमातीत किंवा नीट न दाबलेल्या भरावावर पाया असमान खचतो आणि जोडण्यांवर ताण येतो. माती तपासण्यासाठी बोअरहोल घेणं इथे टाळू नये.

अर्थिंगसाठी मातीची विद्युत रोधकता, म्हणजे ती वीज किती अडवते, हे मोजतात. चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजायचा. सळयांमधलं अंतर ५ मीटर आणि व्होल्टेज भागिले प्रवाह ३ ओहम आलं, तर रोधकता २ × ३.१४ × ५ × ३, म्हणजे सुमारे ९४ ओहम-मीटर. अंतर वाढवत नेलं की अधिक खोलवरचे थर कळतात. खडकाळ जागी हा आकडा हजारावर जाऊ शकतो आणि अर्थिंगच्या जाळीचा खर्च वाढतो. ही मोजणी कोरड्या दिवसांतही करावी. ओल्या मातीचे आकडे नेहमी गोड दिसतात.

मातीतून उष्णता किती सहज वाहते, हेही पाहावं लागतं, आणि ही चाचणी हमखास विसरली जाते. जमिनीखालची केबल तापते, भोवतीची माती वाळते, वाळलेली माती उष्णता अडवते आणि केबल आणखी तापते. अशा जागी जाड केबल किंवा चरात निवडक भराव घ्यावा लागतो.

पूररेषेच्या बाबतीत ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. दरवर्षी १ टक्का शक्यता धरली, तर २० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. चौथरा त्या पातळीच्या वर हवा.

आगीचा विचार आराखड्याआधी व्हायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियन बिग बॅटरीत ३० जुलै २०२१ ला एका युनिटमध्ये शीतक द्रव गळून आग लागली आणि जोराच्या वाऱ्याने ज्वाळा शेजारच्या युनिटवर गेल्या. म्हणून वाऱ्याची दिशा, वस्तीचं अंतर, अग्निशमनासाठी दोन बाजूंनी रस्ते आणि दूषित पाणी अडवण्याची जागा हे सगळं पाहावं. अंतर आवाजासाठीही लागतं. पंख्यांचा आवाज २५ मीटरवर ६० डेसिबल असेल, तर मोकळ्यावर १०० मीटरला तो ४८ होतो. शांत रात्री तोही खटकतो.

सबस्टेशनचं लेखी उत्तर येईपर्यंत जमीन विकत घेऊ नये. ठरावीक मुदतीत खरेदीचा हक्क देणारा करार करावा आणि बोअरहोल घेण्याची, सळया ठोकण्याची परवानगी त्यातच लिहून घ्यावी.