कॅफे गुडलक (पुणे)

कॅफे गुडलक : पुण्याच्या डेक्कन जिमखाना भागातले इराणी उपाहारगृह आणि कॉलेजच्या पोरांचा पिढ्यानपिढ्यांचा अड्डा. हुसेन अली यक्षी यांनी १९३५ मध्ये ते सुरू केले. फर्ग्युसन रस्ता आणि भांडारकर रस्ता जिथे मिळतात, तो चौक या हॉटेलामुळे गुडलक चौक झाला. रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की पुरते.

गुडलकचे भाग्य त्याच्या जागेत आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय पुढे याच रस्त्यावर आले. विधी महाविद्यालय, भांडारकर संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्था अशा संस्थाही आसपास उभ्या राहिल्या. लकडी पूल ओलांडून पेठांतून येणारा विद्यार्थी आणि वसतिगृहातून खाली उतरणारा विद्यार्थी, दोघांच्याही वाटेवर हा कोपरा पडतो.

मात्र पुण्यात असे ठिकाण रुजणे वाटते तितके सोपे नव्हते. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचे प्रकरण, आले आणि प्रायश्चित्ताचा वाद पेटला. त्यानंतर ४५ वर्षांनी त्याच शहरात एका इराण्याच्या हॉटेलात कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा पिऊ लागले. मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलांचे हे काम त्यांच्या खाद्यपदार्थांपेक्षा मोठे आहे, आणि त्याची नोंद फार कमी होते. ज्या घरांत अंडे चालत नसे, तिथल्या कितीतरी मुलांनी पहिले ऑम्लेट अशाच टेबलावर खाल्ले.

येथील ओळखीचा पदार्थ म्हणजे बनमस्का आणि चहा: मऊ गोडसर बन, आत लोण्याचा जाड थर आणि दाट दुधाळ चहा. बन चहात बुडवून खायचा. त्याशिवाय बन-ऑम्लेट, भुर्जी, खिमा-पाव आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. महिनाअखेरीस खिसा रिकामा असला तरी चहा आणि बनमस्क्यावर अर्धी दुपार निघत असे. ‘गुडलकला पडीक असणे’ ही अनेकांच्या कॉलेजातील मुख्य हजेरी होती. नाटकाच्या तालमी, निवडणुकीची गणिते, पहिले प्रेम आणि एटीकेटीचे दुःख या साऱ्यांची चर्चा इथेच होई.

चित्रपटसृष्टीशीही या परिसराचे नाते आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथील विद्यार्थ्यांना गुडलक चालत जाण्याच्या अंतरावर होते, त्यामुळे शेजारच्या टेबलावर पटकथेचा वाद ऐकू येणे नवलाचे नव्हते.

याच रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेले ‘वैशाली’ हे दुसरे मोठे केंद्र. तिथली डोसा-कॉफी आणि एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) यांचा चाहतावर्ग वेगळा. पुष्कळ जण मात्र सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे दिसतात. डेक्कनवरचे तितकेच लाडके इराणी हॉटेल ‘लकी’ मात्र बंद पडले आणि तिथला अड्डा मोडला.

गुडलक चालू आहे. सुटीच्या सकाळी बाहेर रांग लागते, त्यामुळे पूर्वीसारखे तासन्‌तास बसता येत नाही. चहा संपला की मंडळी उठतात आणि उरलेले बोलणे चौकातल्या कलाकार कट्ट्यावर चालू ठेवतात.