हर्णै

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील अरबी समुद्रावरचे मासेमारीचे बंदर असून तालुक्याच्या गावापासून ते सुमारे १५ किमी. अंतरावर आहे. बंदर म्हणताच धक्का डोळ्यांसमोर येतो. हर्णैचा व्यवहार मात्र पिढ्यान्‌पिढ्या उघड्या वाळूवरच वाढला. खडकाळ उपसागराच्या आडोशाला मोठ्या नौका किनाऱ्यापासून दूर नांगरतात, मासळी लहान होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत येते आणि तेथून ती वर आणण्यासाठी बैलगाड्या थेट लाटांत उतरतात. बर्फ, डिझेल आणि पिण्याचे पाणी यांचा प्रवास याच मार्गाने, पण उलट दिशेने होतो.

वाळूवर भरणारा मासळीचा लिलाव ही गावाची खरी ओळख होय. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूल असा माल ढिगांनी वा टोपल्यांनी मांडला जातो आणि बोली काही क्षणांत संपते. नवख्याला भाव कळेपर्यंत माल उचललेला असतो. घाऊक खरेदीदारांच्या बरोबरीने कोळी स्त्रिया येथे खरेदी-विक्री करतात, आणि उरलेली मासळी सुकवण्याचे कामही बव्हंशी त्यांच्याच हाती असते. लगतची पाजपंढरी ही कोळ्यांची दाट वस्ती आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस राज्यात बंदी असल्याने पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात.

समोरच्या बेटावर सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग, तर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग व गोवा हे त्याचे पाठीराखे किल्ले आहेत. आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे होते. तुळाजी आंग्रे व पेशवे यांच्यात वितुष्ट आल्यावर पेशव्यांशी करार करून इंग्रजांनी विल्यम जेम्सच्या हाताखाली आरमार धाडले आणि एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. मराठी आरमाराचा एक बुरूज मराठी सत्तेच्याच संमतीने ढासळला, हे या विजयाचे बोचणारे अंग होय. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ लंडनजवळ बांधलेला मनोरा आजही या किल्ल्याच्याच नावाने ओळखला जातो. १८०२ मध्ये होळकरांपुढे पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईला जाण्यापूर्वी येथेच आसरा घेतला होता. सुवर्णदुर्गाच्या दरवाजाशी कासवाचे व मारुतीचे शिल्प आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. किल्ल्यावर जाण्यास होडी लागते व समुद्र शांत असावा लागतो.

उत्तरेस जोग नदीच्या खाडीपलीकडे आंजर्ले असून तेथील टेकडीवरचा ‘कड्यावरचा गणपती’ उजव्या सोंडेचा आहे. देवळाच्या आवारातून सुवर्णदुर्ग दिसतो. आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. दक्षिणेस मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, तर दापोलीच्या वाटेवर आसूदच्या पोफळीच्या बागांतून चढून गेल्यावर केशवराजाचे देऊळ लागते.