फॉलो करायचं की रिक्वेस्ट पाठवायची?

फेसबुकवर कुणाचं लिखाण आवडलं की बोट सवयीने ‘ॲड फ्रेंड’वर जातं. ‘फॉलो’ जवळपासच असतं, कधी समोर, कधी तीन टिंबांच्या आड, पण तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मी जात्यावरच्या ओव्यांविषयी लिहिते आणि त्या पोस्ट सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. तरीही, मला ज्यांचं नाव-गाव ठाऊक नाही अशांच्या रिक्वेस्ट सतत येत असतात. त्यांतल्या बहुतेकांना ओव्याच वाचायच्या असतात. त्यासाठी माझी परवानगी लागतच नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

फॉलो एकतर्फी असतो. समोरचा माणूस जे सार्वजनिक म्हणून टाकतो ते तुमच्यापर्यंत येत राहतं, बस. त्याला तुमचं काही दिसावं असं बंधन नाही आणि तुम्हाला उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासून चालू आहे. तिथे खुर्चीत बसून ऐकायला वक्त्याची ओळख लागत नाही, आवडलं तर दुसऱ्या दिवशीही जाता येतं. फॉलो म्हणजे तेवढंच. रिक्वेस्ट म्हणजे व्याख्यान संपल्यावर वक्त्याला म्हणायचं, “तुमच्या घरी येऊ का? आणि तुम्हीही माझ्याकडे या.” असं विचारण्यात वाईट काही नाही. पण पहिल्याच दिवशी, नावही न सांगता कुणी विचारत नाही.

घर हा शब्द मी मुद्दाम वापरला. रिक्वेस्ट स्वीकारली की त्या दिवसापासूनच्या पोस्ट दिसतात, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. ‘फ्रेंड्स’ एवढ्यांसाठीच म्हणून आजवर जे जे टाकलं, ते सगळं नव्या माणसासमोर उघडं होतं: मुलीच्या बारशाचे फोटो, वडिलांच्या आजारपणात रात्री लिहिलेल्या चार ओळी, नव्या घराची वास्तुशांत. मित्रयादी मित्रांना दिसेल अशी ठेवली असेल तर तीही दिसते, म्हणजे तुमची भाची, तुमची शाळेतली मैत्रीण, सगळ्यांचा पत्ता लागतो. मेसेजचंही तेच. अनोळखी माणसाचा मेसेज ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये थांबतो, मित्राचा थेट इनबॉक्समध्ये येतो. म्हणून कुणी रिक्वेस्ट स्वीकारायला वेळ घेत असेल तर तो गर्व समजू नये.

ही सवय आली कुठून? मला वाटतं, ऑर्कुटवरून. जानेवारी 2004मध्ये ते सुरू झालं आणि 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं. आपल्यापैकी कितीतरी जण पहिल्यांदा तिथेच ऑनलाइन भेटले. तिथे माणसांशी जोडून घ्यायचं म्हणजे ‘फ्रेंड’ करायचं, आणि यादी जितकी लांब तितकी शान. फेसबुकवरही सुरुवातीला मैत्री हाच मार्ग होता. लोकांच्या खुल्या पोस्ट मैत्रीशिवाय मिळवण्याची सोय सप्टेंबर 2011मध्ये ‘सबस्क्राइब’ नावाने आली आणि पुढच्या वर्षी तिचं ‘फॉलो’ झालं. तोवर बोटाला वळण पडलेलं होतं. मित्रांची कमाल मर्यादा मात्र 5000 आहे. नावाजलेल्या लेखकाकडे तुमची रिक्वेस्ट अडकून पडते तेव्हा कधीकधी कारण एवढंच असतं. फॉलोअर्सना तशी मर्यादा नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न लॉक केलेल्या प्रोफाइलचा. ही सोय भारतात मे 2020मध्ये आली आणि विशेषतः बायकांना तिचा मोठा आधार वाटला. मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. पण कुलूपबंद प्रोफाइलवरून अनोळखी माणसाला रिक्वेस्ट जाते तेव्हा त्याला दिसतं काय? एक नाव, एक गुलाबाचं फूल. आपला दरवाजा बंद ठेवून दुसऱ्याचा उघडायला सांगणं झालं ते. अशा वेळी दोन ओळींचा मेसेज आधी पाठवावा: मी कोण, कुठली, तुमचं काय वाचलं. तो ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये पडेल, उशिरा वाचला जाईल, पण वाचला गेला की फरक पडतो. सुरुवात ‘तुम्ही’नेच करावी. ‘डिअर’ नको, ‘अगं’ तर नकोच.

आणि रिक्वेस्ट स्वीकारली म्हणजे गप्पांचं आमंत्रण दिलं असं नव्हे. हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण स्वीकारल्यावर पाचव्या मिनिटाला ‘ताई, जेवण झालं का?’ आणि सातव्या मिनिटाला व्हिडिओ कॉल, हे मी आणि माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक लिहित्या बाईने अनुभवलं आहे. फोन वाजत राहतो, घरातले विचारतात कोण आहे, आणि आपल्यालाच अपराधी वाटतं. यातून किती जणींनी खुलं लिहिणंच सोडलं! पोस्टवर बोलायचं असेल तर पोस्टखाली बोलावं, तिथे सगळ्यांसमोर उत्तर मिळतं.

नकार देता न येणारी माणसंही असतात: सासरचे, ऑफिसातले, सोसायटीतले. त्यांच्यासाठी ‘रिस्ट्रिक्टेड’ यादी आहे. माणूस मित्रयादीत राहतो, पण त्याला तुमच्या सार्वजनिक पोस्टच दिसतात, शिवाय ज्यांत त्याला टॅग केलं त्या. उलट बाजूला ‘अनफॉलो’ आहे: मैत्री तशीच राहते, फक्त त्यांच्या पोस्ट तुमच्या फीडमध्ये येत नाहीत. दोन्हींची सूचना समोरच्याला जात नाही.

एक सावधगिरी. आधीच यादीत असलेल्या माणसाची दुसरी रिक्वेस्ट आली तर स्वीकारण्याआधी त्याला फोन करा. नाव-फोटो चोरून बनवलेल्या खात्यावरून थोड्या वेळात पैशांची मागणी येते. आपली मित्रयादी ‘ओन्ली मी’ केली तर अशा चोराला आपली माणसं शोधणं अवघड जातं.

गेल्या वर्षी एक बाई मला चार-पाच महिने नुसत्या फॉलो करत होत्या. एका ओवीखाली त्यांनी लिहिलं, “आमच्याकडे हिची दुसरी ओळ वेगळी आहे,” आणि आजीकडून ऐकलेली ओळ दिली. मी विचारलं, त्यांनी आणखी तीन ओव्या पाठवल्या. मग एकदा मेसेज आला: “आजीची वही सापडली आहे, सगळ्यांसमोर फोटो टाकायला मन होत नाही. तुम्हाला रिक्वेस्ट पाठवली तर चालेल का?” मीच त्यांना पाठवली.