कथेचे आशयसूत्र आणि तात्पर्य

कथेतील घटना, पात्रे आणि शेवट यांना एकत्र बांधणारा मध्यवर्ती विचार म्हणजे आशयसूत्र. कथा ऐकून माणसाने कसे वागावे, याबद्दल तिच्यातून काढलेला उपदेश म्हणजे तात्पर्य. पहिल्याला बोलताना सर्रास ‘थीम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बोध’ किंवा ‘शिकवण’. ‘या गोष्टीवरून काय शिकलात?’ हा एकच प्रश्न दोन्हींसाठी विचारला जातो, त्यामुळे त्यांची गल्लत होते, आणि ती किरकोळ नाही. कथेत फक्त बोध शोधण्याची सवय लागली की बोध सापडताच वाचणाऱ्याचा विचार थांबतो. बोध सापडला नाही, तर कथाच फसली असे तो धरून चालतो.

विषय या दोहोंहून वेगळा. तो एका शब्दात सांगता येतो : युद्ध, मत्सर, म्हातारपण. आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागते, कारण कथा त्या विषयाबद्दल काही म्हणत असते. उदाहरणार्थ, ‘युद्धातून जिंकणाराही रिता परततो’. तात्पर्याच्या वाक्यात बहुधा ‘करावे’ किंवा ‘करू नये’ असते. ही खूण उपयोगी असली तरी पुरेशी नाही. ‘गर्वाचे घर खाली’ हे दिसायला साधे विधान आहे, पण ते ऐकवले जाते ते ‘गर्व करू नकोस’ हे सांगण्यासाठीच.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो एकच कथा दोन परंपरांत सापडते तेव्हा. लांडग्याच्या घशात हाड अडकते, बगळा मान आत घालून ते काढतो आणि बक्षीस मागतो. लांडगा म्हणतो, माझ्या तोंडातून मान सुखरूप बाहेर आली, हेच बक्षीस समज. पहिल्या शतकात रोमन कवी फीड्रसने इसापच्या नावावर चालत आलेली ही कथा लॅटिन पद्यात सांगितली. तिच्या आरंभीच त्याने बजावले, की दुष्टाकडून उपकाराची फेड मागणारा दोनदा चुकतो. एक तर तो नालायकाला मदत करतो, आणि मग त्यातून धड सुटूही शकत नाही. पालीतील जवसकुण जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एका कथेत, बगळ्याच्या जागी सुतारपक्षी आणि लांडग्याच्या जागी सिंह आहे. सिंहाचे उत्तर जवळपास तेच. पक्षी मात्र म्हणतो, की कृतघ्नापासून मनात आकस न धरता, शिवीगाळ न करता हळूच दूर व्हावे. प्रसंग एक, उपदेश दोन : एक हिशेब शिकवतो, दुसरा मनाचा तोल. दोन्ही कथांच्या मुळाशी असलेला विचार मात्र सारखाच आहे, तो असा : बळ एका बाजूलाच असेल, तर तिथे उपकाराचे ऋण तयारच होत नाही.

जातकातला एक बारीक तपशील इथे पाहण्यासारखा आहे. आत शिरण्यापूर्वी तो पक्षी सिंहाच्या जबड्यात एक काठी उभी करतो, म्हणजे तोंड मिटता येऊ नये. हाड निघाल्यावर तो काठी पाडतो आणि बाहेर येतो. म्हणजे सिंह कसा आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक आहे आणि तरीही तो मदत करतो. ‘दुष्टाला मदत करू नये’ हे तात्पर्य या कथेला चिकटवले तर ती काठी कथेत उपरी ठरते. आशयसूत्राची परीक्षा अशाच ठिकाणी होते. मांडलेले सूत्र कथेतल्या ठळक तपशिलाला सामावून घेत नसेल, तर ते सूत्र बदलायला हवे. तात्पर्याची परीक्षा वेगळी : ते आयुष्यात खरे ठरते का, एवढेच तिथे पाहिले जाते.

तात्पर्य कथेपासून किती सुटे असू शकते, हे बोधकथांच्या लेखी परंपरेतून कळते. ग्रीक-लॅटिन संग्रहांत ते कधी कथेच्या आधी, कधी नंतर जोडलेले आढळते, आणि पुष्कळदा ती भर नंतरच्या संकलकांची असते. फ्रेंच लेखक शार्ल पेरो याने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या परीकथांच्या शेवटी पद्यात बोध दिले, काही कथांना तर दोन-दोन. सिंड्रेलाच्या कथेचा पहिला बोध रूपापेक्षा सौजन्य मोलाचे असे सांगतो. दुसरा म्हणतो, की गुण असले तरी पाठीशी वजनदार माणूस नसेल तर त्यांचा उपयोग नाही. कथेत एका अक्षराचाही फरक न करता तिला परस्परांवर कुरघोडी करणारे दोन बोध जोडता येतात.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न फार आधी आणि फार बारकाईने हाताळला आहे. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वाच्या शेवटी व्यास म्हणतात, की मी दोन्ही हात उभारून ओरडतो आहे, पण माझे कोणी ऐकत नाही. धर्मापासूनच अर्थ आणि काम मिळतात, मग त्याचे आचरण का करत नाही? हे उघड तात्पर्य झाले. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या उद्द्योतात (प्रकरणात) वेगळीकडे बोट ठेवले. वृष्णी (कृष्णाचे कुळ) आणि पांडव यांचा शेवट उदास, विरस आहे. तो मनात वैराग्य निर्माण करतो. म्हणून या महाकाव्याचा मुख्य रस शांत आणि मुख्य पुरुषार्थ मोक्ष, असे तो म्हणतो. हे ग्रंथात थेट का सांगितलेले नाही, याचेही उत्तर तो देतो : सारभूत अर्थ स्वतःच्या शब्दाने न सांगता सुचवला, की अधिक खुलतो. आशयसूत्राचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. शिवाय इथे तात्पर्य आणि आशयसूत्र यांत ताणही आहे. धर्माने अर्थ मिळतो असे व्यास सांगतात, आणि धर्माच्या बाजूने लढून राज्य मिळवलेले पांडव ते सोडून चालू लागतात. थोर कथा हा ताण पोटात ठेवू शकते.

अकराव्या शतकातील काव्यशास्त्रकार मम्मटाने उपदेशाला काव्याच्या प्रयोजनांत जागा दिली, पण त्याची रीत ठरवून दिली. वेद राजाप्रमाणे आज्ञा करतात, पुराणे मित्राप्रमाणे समजावतात, काव्य मात्र प्रियेप्रमाणे मन वळवते. आधुनिक काळात उपदेशाबद्दलचा संशय वाढला. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याने १८५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, सत्य शिकवणे हेच काव्याचे उद्दिष्ट मानणे म्हणजे पाखंड असे म्हटले. रशियन कथाकार चेखॉव्हने १८८८ मधल्या एका पत्रात लेखकाकडून प्रश्नाच्या उत्तराची नव्हे, तर योग्य मांडणीची अपेक्षा धरली.

त्यामुळे तात्पर्य नसलेली कथा सहज संभवते. आधुनिक लघुकथेत तर ती नित्याचीच आहे. आशयसूत्र नसलेली कथा मात्र घटनांची यादी होऊन बसते. आशयसूत्र एकच असते असेही नाही. कादंबरीत ती अनेक असतात आणि त्यांतले मुख्य कोणते यावर जाणत्या वाचकांचे मतभेद होतात. ते मिटवायचे तर संहितेकडेच जावे लागते : कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, कोणत्या प्रसंगी पात्र बदलते, आणि शेवटी कोणाला काय गमवावे लागते. वर्गात कथा शिकवताना हे प्रश्न आधी विचारावेत आणि बोधाचा प्रश्न त्यांच्यानंतर घ्यावा. मग ‘पक्ष्याने काठी का उभी केली?’ हे मुलेच विचारतात.