विखुरलेली शेतवस्ती

घरे एकमेकांना लागून नाहीत, प्रत्येक कुटुंब आपापल्या जमिनीवरच राहते आणि दोन घरांच्या मध्ये शेते पसरलेली आहेत, अशा विरळ ग्रामीण वस्तीला विखुरलेली शेतवस्ती म्हणतात. केंद्रित गावाचा हा विरुद्ध प्रकार.

पाणी एकाच जागी असेल तर माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. जागोजागी मिळत असेल तर घर कुठेही बांधता येते. पण विरळपणा नेहमी निसर्गानेच येतो असे नाही, अनेकदा तो कायद्याने घडवलेला असतो. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. अट अशी की पाच वर्षे तिथेच राहून ती कसायची. या मापाने एका चौरस मैलात चारच कुटुंबे बसत. कॅनडाने 1872 मध्ये हेच माप घेतले. स्वीडनमध्ये तर नांदती गावे मोडली गेली. 1827 च्या कायद्याने शेतकऱ्यांचे विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि अनेकांना गावातले घर उतरवून नव्या शेतावर उभारावे लागले. शेती सुधारली, शेजार मात्र तुटला.

शेतातच राहण्याचा लाभ मोठा आहे. जा-ये वाचते, राखण होते, गाय रात्री-अपरात्री व्याली तरी माणूस हाकेच्या अंतरावर असतो. जपानमधील तोनामी मैदानात शेतकरी घराभोवतीचीच भातखाचरे कसत आले. आडोशाला दुसरे घर नसल्याने तिथे प्रत्येक घराने स्वतःची झाडांची राई वाढवली. ती दक्षिण आणि पश्चिम बाजूंना दाट असते, वारा व हिमवृष्टी अडवते. पूर्वी सरपणही तिच्यातूनच मिळे.

सोयींचे गणित मात्र इथे बिघडते. गावात एका वीजवाहिनीवर पन्नास घरे जोडता येतात, इथे एका घरासाठी खांबांची रांग लागते. म्हणून 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या कर्जावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी वाहिन्या टाकल्या. ऑस्ट्रेलियाने सोयच घरापर्यंत नेली: 1928 मध्ये क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर जाऊ लागले, 1951 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा भरू लागली. दरडोई खर्च जास्त म्हणून सोय नाकारणे अन्यायाचे आहे. याच घरांनी पिकवलेले धान्य शहरे खातात.

यंत्रे आली तशी कमी हातांत जास्त जमीन कसता येऊ लागली, शेते मोठी झाली आणि आधीच विरळ असलेली घरे आणखी कमी झाली. यात शाळेचा घाव सर्वांत खोल. पट घटला की शाळा बंद होते, आणि ती बंद झाली की लहान मुलांची कुटुंबे तिथे घर करायला धजत नाहीत.