करारातला ‘कन्सेक्युटिव्ह’: सलग, लागोपाठ की पाठोपाठ?

भाषांतरासाठी आमच्याकडे येणाऱ्या करारपत्रांत, नियमावल्यांत आणि विम्याच्या कागदांत ‘कन्सेक्युटिव्ह’ हा शब्द हमखास भेटतो. त्याबद्दल विचारायला आमचा फोन आला, तर कृपया वैतागू नका. या एका शब्दावर कुणाचं घर, कुणाची नोकरी अवलंबून असते.

उच्चारताना जोर ‘से’वर द्यायचा. अर्थ असा: मध्ये खंड न पडता एकामागून एक आलेले. लॅटिनमधल्या ‘मागोमाग जाणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. ‘सीक्वेन्स’ आणि ‘सीक्वेल’ त्याच घरातले. संस्कृतातला ‘सच्’ हा धातूही त्याच कुळातला, ज्यावरून आपला ‘सचिव’ आला.

आता ही अट बघा: ‘भाडेकरूने तीन कन्सेक्युटिव्ह महिने भाडे थकवल्यास करार संपेल.’ घाईत केलेल्या भाषांतरात हा शब्द गळतो आणि उरतं, ‘तीन महिने भाडे थकवल्यास’. मग जानेवारी, एप्रिल आणि सप्टेंबर थकले तरी घर खाली करा, असं म्हणायला वाव मिळतो. मूळ अटीत तो नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे ओळीने थकायला हवेत. फेब्रुवारीचं भाडं भरलं की साखळी तुटली, मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून इथे आम्ही ‘लागोपाठ तीन महिने’ लिहितो. ‘पाठोपाठ’ टाळतो, कारण पाठोपाठ येणाऱ्यांत थोडं अंतर असलं तरी चालतं.

‘सलग’ चांगला शब्द आहे, पण जपून वापरावा लागतो. ‘सलग तीन तास पाऊस’ म्हणजे पाऊस थांबलाच नाही. इंग्रजीत हा ‘कंटिन्युअस’. ‘सलग तीन दिवस पाऊस’ म्हणजे मात्र तिन्ही दिवशी पडला, मध्ये उघडीप असेलही. हा ‘कन्सेक्युटिव्ह’. मराठीत दोन्हीकडे ‘सलग’च बसतो, म्हणून कायदेशीर कागदात पहिल्यासाठी आम्ही ‘अखंड’ वापरतो.

आमचा फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी असतो: क्रम कशाचा? 4, 6, 8 या क्रमागत सम संख्या आहेत. मधला 5 सम नाही, म्हणून तो खंड धरला जात नाही. दिवसांचंही तसंच. नुसते ‘कन्सेक्युटिव्ह दिवस’ असतील तर सुट्ट्याही सहसा मोजल्या जातात. ‘कन्सेक्युटिव्ह कामाचे दिवस’ असतील आणि शनिवार-रविवार सुट्टी असेल, तर शुक्रवार आणि सोमवार लागोपाठचे ठरतात. गैरहजेरीच्या नियमात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर अर्थ आम्ही आमच्या मनाने ठरवत नाही, तुम्हालाच विचारतो.

दुभाषी हवा असेल तेव्हाही हाच शब्द समोर येतो. ‘कन्सेक्युटिव्ह’ पद्धतीत वक्ता थोडं बोलून थांबतो, मग दुभाषी तेवढं सांगतो. ‘सायमल्टेनियस’मध्ये दोघं एकाच वेळी बोलतात, त्याला सहसा हेडफोन आणि वेगळी केबिन लागते. पहिल्या पद्धतीत सभेला जवळपास दुप्पट वेळ जातो, तेव्हा वेळापत्रक ठरवण्याआधी आम्हाला कळवा.